शुभ्रतेचे ऋण

परतूरचे नाव प्रवासवर्णनांत सहसा आढळत नाही. मनमाडहून नांदेडकडे जाणारी आगगाडी तेथे क्षणभर थांबते, चार उतारू उतरतात, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंस काळी जमीन व तिच्यावर फुटलेला कापूस एवढेच खिडकीतून दृष्टीस पडते. पूर्वी हे गाव परभणी जिल्ह्यात होते; १९८१ साली जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा ते त्यात गेले. गेल्या मार्गशीर्षात एका सेवानिवृत्त शिक्षक-स्नेह्यांच्या घरी आमचा तेथे चार दिवस मुक्काम घडला. त्या मुक्कामात एका शालेय वहीवरून जो वाद झाला तो वरवर पाहता अगदीच क्षुल्लक होता. परंतु परत आल्यावरही तो आमच्या मनातून जाईना, म्हणून वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

गुरुजींनी (गावात त्यांस सारे याच नावाने ओळखतात) आपल्या नातीसाठी बाजारातून अर्धा डझन वह्या आणल्या होत्या. रद्दीपासून पुन्हा तयार केलेल्या कागदाच्या त्या वह्या. पाने किंचित करडी, मधून तपकिरी कण दिसणारी. नात दहावीत. तिने एक वही उघडली आणि मिटून ठेवली.

"आजोबा, या वह्या मी शाळेत नेणार नाही. मळक्या दिसतात."

"मळक्या नाहीत गं. पांढऱ्या केलेल्या नाहीत, इतकंच."

"तेच ते. पांढरं ते स्वच्छ."

गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात ज्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही तो प्रश्न शिक्षक पाहुण्याकडे सोपवितो, तसाच हा प्रकार होता.

पांढरे ते स्वच्छ, हे प्रमेय त्या मुलीने शोधून काढलेले नाही. ते तिला भाषेबरोबरच मिळालेले आहे. ज्या वर्गासाठी आम्ही हे लिहीत आहो त्याचे मराठीतील नावच मुळी 'पांढरपेशा' असे आहे. लिहिण्याच्या व्यवहारास आपण 'पांढऱ्यावर काळे करणे' म्हणतो. खेड्यात वस्तीच्या जागेस 'पांढरी' व कसण्याच्या जमिनीस 'काळी' म्हणण्याचा प्रघात आहे. आणि पांढरी ही काळीच्या जिवावर जगते, हे तेथील कोणासही समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा प्रश्न असा की, शुभ्रता ही वस्तूच्या गुणाची खूण आहे, की मळ दुसरीकडे नेऊन टाकल्याची केवळ पावती आहे? आणि पावतीच असेल, तर तो मळ ज्याच्या दारी गेला त्याचे आपण काही देणे लागतो की नाही? कागदाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बरेचसे रसायनशास्त्राच्या हाती आहे, म्हणून थोडे त्या वाटेने जाणे भाग आहे.

परतूरच्या शिवारातील कापसाचे एकच झाड घेतले तरी सारी कथा त्यात सापडते. बोंडातून फुटणारा तंतू हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज होय. वाळलेल्या तंतूच्या शंभर भागांत नव्वदाहून अधिक भाग त्याचेच असतात. ज्या दांड्यावर हे बोंड लटकते ती पऱ्हाटी मात्र लाकडाच्या जातीची. लाकडात सेल्युलोज सुमारे चाळीस ते पन्नास भाग, आणि लिग्निन नावाचे दुसरे एक द्रव्य वीस ते तीस भाग असते. सेल्युलोजचे तंतू लवचिक, रंगहीन, एकमेकांस चिकटण्यास उत्सुक. कागद म्हणजे हे तंतू पाण्यात सुटे करून, चाळणीवर पसरून, पुन्हा एकमेकांत गुंतविणे. लिग्निन त्या तंतूंना बांधून ठेवते. झाड वाऱ्यात उभे राहते ते त्याच्या बळावर. म्हणजे झाडाच्या दृष्टीने जो कणा, तोच कागद करणाऱ्याच्या दृष्टीने मळ! त्याचे रेणू वलयांच्या गुंतागुंतीने बनलेले असतात. ऊन व हवा लागताच ते पिवळे पडतात. वर्तमानपत्र दोन दिवस खिडकीत राहिले की त्यास जो वर्ण येतो तो यामुळेच.

आपल्या पूर्वजांस या लिग्निनशी फारसा सामना करावा लागला नाही, याचे कारण ते लाकडापासून कागद करीतच नसत. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामध्ये कागजीपुरा नावाचे गाव आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीस हलविली तेव्हा कागदी कारागीरही दक्षिणेत आले, अशी तेथील परंपरा सांगते. चिंध्या, जुने दोरखंड, तागाची पोती हा त्यांचा कच्चा माल. म्हणजे निसर्गाने आणि वापरणाऱ्या माणसांनी आधीच निम्मे शुद्ध केलेले तंतू. तो माल चुन्यात मुरवावयाचा, ढेकीखाली कुटावयाचा, वाहत्या पाण्यात धुवावयाचा, उन्हात टाकावयाचा. मग हौदातून गवताच्या बारीक छापरीवर एकेक ताव उचलावयाचा, खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. विरंजनाचे काम चुना, पाणी आणि ऊन करीत. दुधासारखा पांढरा नव्हे, पण सायीसारखा कागद निघे.

गुरुजींच्या सागवानी पेटीत अशा कागदाची एक खतावणी आहे. नातीस गप्प करण्यासाठी त्यांनी ती बाहेर काढली. निजामी अमदानीतील, मोडी लिपीत लिहिलेली, शाई अजून काळीभोर. तिच्याशेजारी त्यांनी १९५० नंतरच्या दशकात छापलेले एक पुस्तक ठेविले. त्याचे पान उलटावयास गेलो तो कोपरा हातात आला. आणि तिसरी, दुकानातून बदलून आणलेली शुभ्र वही.

"बघा, जो फार पांढरा नव्हता तो टिकला, जो पांढरा करून विकला त्याचा भुगा झाला."

गुरुजींचा हा युक्तिवाद आम्हांस आवडला, पण तो खरा नव्हे, आणि आवडणाऱ्या युक्तिवादाशी अधिक कठोर वागले पाहिजे. पुस्तकाचा भुगा झाला तो पांढरे केल्यामुळे नव्हे. पाने पिवळी पडली हे लिग्निनचे काम, ती मोडू लागली हे आम्लाचे. शाई पसरू नये म्हणून कागदात राळ व तुरटी घालण्याची युक्ती इलिग नावाच्या जर्मन कारागिराने १८०७ साली प्रसिद्ध केली. स्वस्त आणि सोपी असल्यामुळे ती सर्वत्र गेली. आणि तुरटीपासून कागदात हळूहळू उत्पन्न होणारे आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडीत राहिले. खतावणीच्या कागदात चुन्याचा अंश उरला होता, तो आम्लाचा शत्रू, म्हणून ती वाचली. थोडक्यात, शुभ्रतेवर जे आरोप करावयाचे त्यांत हा नाही. दुसरे आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात चिंध्या पुरेनात. छापखाने वाढले, शाळा वाढल्या, आणि माणसे काही त्या प्रमाणात कपडे फाडीत नव्हती. सॅक्सनीत केलर नावाच्या कोष्ट्याने १८४४ च्या सुमारास लाकूड ओल्या दगडावर घासून लगदा काढला. त्यात लाकडाचे जवळजवळ सर्व काही राहते, लिग्निनही राहते. म्हणून तो स्वस्त पडतो आणि लवकर पिवळा पडतो. पुढे रसायनांनी लिग्निन विरघळविण्याच्या रीती निघाल्या. त्यांपैकी जी आज जगभर प्रमुख आहे ती डाल या रसायनज्ञाने डान्झिग येथे १८७९ साली बसविली. तिला 'क्राफ्ट' म्हणतात. जर्मन व स्वीडिश भाषांत या शब्दाचा अर्थ बळ असा आहे. लाकडाच्या कपच्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात, बंद भांड्यात, सुमारे १७० अंश उष्णतेवर शिजवावयाच्या. लिग्निन तुटून द्रावणात उतरते, तंतू उरतात. लाकडाचे निम्म्याहून अधिक वजन या एका शिजविण्यात जाते.

येथे या विद्येतील एक गोष्ट मनापासून वाखाणण्यासारखी आहे. लिग्निन ज्यात उतरले ते काळेकुट्ट द्रावण फेकून देत नाहीत. ते आटवून घट्ट करितात आणि भट्टीत जाळितात. लिग्निन जळते, त्याच्या उष्णतेवर कारखाना चालतो. भट्टीच्या तळाशी वितळलेले क्षार उरतात, ते पाण्यात विरघळवून त्यांत चुना घातला की पुन्हा कॉस्टिक सोडा तयार. आणि त्या कामी आलेला चुनाही भाजून परत वापरावयाचा. शेतकऱ्याच्या घरी शेण, कडबा, राख यांतले काही वाया जात नाही, त्याच घराण्याची ही व्यवस्था. सडलेल्या कोबीसारखा एक वास शेजाऱ्यांस सोसावा लागतो खरा. तथापि एवढे काम होईपर्यंत कारखाना आपले देणे पुष्कळसे आपणच फेडीत असतो. निघालेला लगदा बळकट असतो, तपकिरी असतो, आणि त्यात मूळच्या लिग्निनचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही थोडा अंश राहिलेला असतो.

सारा अनर्थ या शेवटच्या अंशासाठी. आणखी शिजवावे तर आता सेल्युलोजच तुटू लागते. म्हणून शिजविणे थांबवून विरंजनाकडे वळावे लागते. क्लोरीन वायू शीले याने १७७४ साली प्रथम तयार केला, त्याने रंग उडतो हे फ्रान्सात बर्थोले याने १७८५ च्या सुमारास दाखविले, आणि ग्लासगोच्या टेनंटने १७९९ साली तो चुन्यात कोंडून विरंजक चूर्ण विकावयास काढले. ऊन आणि कुरण यांस जे काम करावयास महिने लागत ते तासांवर आले. क्लोरीन लिग्निनच्या वलयांस जाऊन चिकटतो, मग अल्कलीने धुतले की ते सुटून पाण्याबरोबर जाते, आणि मागे बगळ्यासारखा शुभ्र लगदा राहतो. परंतु हे धुतलेले पाणी त्या सुंदर भट्टीत परत नेता येत नाही. त्यातील क्लोराइडे भट्टीचे लोखंड खातात आणि फेऱ्याफेऱ्याला साठत जातात. म्हणून ते बाहेर सोडावे लागते, अर्थात् नदीकडे. तपकिरी लगद्यापर्यंतचा जमाखर्च कारखान्याच्या कुंपणात मिटत होता. शुभ्रतेचा खर्च मात्र कुंपणाबाहेर पडला.

त्या पाण्यात काय असते हे कित्येक वर्षे कोणी नीट पाहिलेच नाही. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत व स्कँडिनेव्हियात लगद्याच्या कारखान्यांखालील नद्यांत आणि माशांत डायॉक्सिन वर्गातील विषे आढळली. प्रमाण अतिसूक्ष्म, पण ही द्रव्ये सहजासहजी नाश पावत नाहीत, चरबीत साठतात, लहान माशातून मोठ्या माशात आणि तेथून माणसात चढत जातात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कारखान्यात कोणी डायॉक्सिन ओतले नव्हते. ते कोणास हवेही नव्हते. पान पांढरे असावे एवढीच इच्छा होती, आणि ती इच्छा करणारा माणूस नदीपासून शेकडो कोसांवर दिव्याखाली पुस्तक वाचीत बसला होता.

अशा माणसाकडे दोष जातो काय? कायद्याने जात नाही. जाणूनबुजून केलेले तेवढेच पाप, असे मानणाऱ्या नीतीनेही जात नाही. परंतु आपल्या समाजास या प्रकारच्या शुद्धतेचा अनुभव नवा नाही. सोवळे पाळणाऱ्या घराचे सोवळे शतकानुशतके टिकले ते त्या घरातील घाण वाहून नेणारा मनुष्य गावकुसाबाहेर राहत होता म्हणून. आणि घराने आपल्या शुद्धतेचे श्रेय स्वतःकडे घेऊन घाणीचे नाव त्या मनुष्यास दिले. त्या घरातील प्रत्येक मनुष्य दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. बहुतेकांनी विचारले नव्हते, एवढेच. मात्र न विचारण्याची सोय ज्यास असते त्याचे न विचारणे आणि ज्यास ती नसते त्याचे न विचारणे यांत फरक करावाच लागतो. नदीकाठच्या कोळ्यास पाण्याचा रंग विचारावा लागत नाही. तो त्यास दिसतो.

आपल्या राज्यातच पाहावयाचे तर वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर येथे कागदाची मोठी गिरणी उभी राहिली. तिची कंपनी १९४५ सालची. तिला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील बांबू हवा होता. बांबूपासून कागद करण्याची विद्या देहरादूनच्या वनसंशोधनसंस्थेत रेट याने परिश्रमाने सिद्ध केली होती, आणि १९२५ साली सरकारने त्या धंद्यास संरक्षण देणारा कायदाही केला होता. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. वनकायद्याप्रमाणे मात्र तो झाड ठरला, आणि झाड सरकारचे. या एका शब्दावरून गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने दीर्घकाळ झगडा दिला. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली त्या गावास आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलात बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. वहीचे पान पांढरे होण्याआधी त्यावर इतके काळे झालेले असते. नातीच्या शुभ्र वहीच्या पुठ्ठ्यावर आम्ही शोधून पाहिले: पृष्ठसंख्या होती, किंमत होती, एक रंगीत वाघ होता. कागद कोणत्या जंगलाचा आणि कोणत्या नदीचा, याविषयी अक्षर नव्हते.

येथपर्यंत गुरुजी प्रसन्न होते. पण त्यांच्या बाजूनेही सारे काही नाही. त्यांनी अभिमानाने दाखविलेली ती खतावणी आम्ही पुन्हा हाती घेतली. तीत नावे होती, नावांपुढे रकमा होत्या, व्याज होते. कोठे बैल, कोठे शेत गहाण पडलेले होते. ज्यांची ही नावे त्यांपैकी किती जणांस हे पान वाचता येत होते? हाताने केलेला तो देखणा, चिवट कागद थोड्यांच्या घरी होता, आणि बहुतांचे ऋण त्यावर नोंदलेले होते. त्या बहुतांची पणतवंडे आज परतूरच्या शाळेत जातात, ती लाकडाच्या आणि बांबूच्या स्वस्त कागदाच्या जोरावर. चिंध्यांच्या कागदाने महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास पाटीबाहेर आणणे कधीच साधले नसते. १९३४ नंतर वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग म्हणून, आणि पुढे १९४० पासून पुण्याच्या हातकागद संस्थेत ही कला जगविण्याचा जो यत्न झाला तो आदरास पात्र आहे. पण त्यातून निमंत्रणपत्रिका झाल्या, क्रमिक पुस्तके झाली नाहीत. जो कोणी आज सुंदर हातकागदावर गिरण्यांची निंदा लिहितो त्याने आपण लिहावयास कशावर शिकलो हे आठवावे. आम्ही हे म्हटल्यावर गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. त्या खतावणीत त्यांचे पणजोबा लिहिणारे होते.

शिवाय ज्या क्लोरीनला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे त्याचीही दुसरी बाजू ऐकली पाहिजे. १९१५ च्या एप्रिलात ईप्रच्या रणांगणावर याच वायूने सैनिकांची फुप्फुसे जाळली, हे खरे. परंतु पावसाळा लागला की ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत, टाकीत जी टी.सी.एल. पावडर टाकतो ती म्हणजे टेनंटच्या त्या चूर्णाचीच सुधारलेली धाकटी बहीण. तिने किती घरांतून पटकी आणि हगवण हद्दपार केली याचा हिशेब कोणी ठेविला नसेल. एकच द्रव्य एका कामी जीव वाचविते आणि दुसऱ्या कामी चेहरा उजळविते. दोन्ही कामांस सारखीच किंमत मोजावी काय, एवढाच प्रश्न.

आता शुभ्रता सर्वस्वी चेहऱ्याचीच बाब आहे असेही नाही. काळ्या अक्षरास फिकट पार्श्वभूमी हवी. मंद दिव्यात अभ्यास करणाऱ्या मुलास ती अधिक हवी. लिग्निन काढल्याने कागद पिवळा पडत नाही, म्हणजे त्या स्वच्छतेत काही खरेपणाही आहे. परंतु गिरणीत पान पांढरे करण्याच्या तीन रीती आहेत, आणि त्या एका मापाने मोजू नयेत असे आम्हांस वाटते. पहिली, लिग्निन खरोखर बाहेर काढणे. दुसरी, ते आत ठेवून त्याचा केवळ रंग मारणे. दगडावर घासलेल्या लगद्यास हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन असे करितात. ते पान दुकानात पांढरे असते आणि ऊन लागताच आपली जात सांगते. तिसरी रीत सर्वांत चतुर. कागदात असे एक द्रव्य घालावयाचे की, जे सूर्यप्रकाशातील डोळ्यांस न दिसणारे जंबुपार किरण गिळते आणि त्यांच्या बदल्यात निळसर उजेड परत फेकते. पिवळेपणा झाकला जातो आणि पान पांढऱ्याहूनही पांढरे भासते. दुकानात 'झळाळी' म्हणून वाखाणतात ती बहुधा हीच. पहिल्या शुभ्रतेस आम्ही शुद्धी म्हणू, दुसरीस रंगसफेदी. तिसरीस काय म्हणावे याचा विचार चालू असता नात मध्येच म्हणाली,

"काका, म्हणजे नीळच की! आजोबांच्या धोतराला घालतात ती."

घरात हशा पिकला, आणि गुरुजींचे पांढरेशुभ्र धोतर काही वेळ चर्चेचा विषय झाले. कपड्याची नीळ रंगावर रंग चढवून पिवळेपणा मारते, कागदातील द्रव्य उजेडाचे रूपांतर करून. पण मुलीने मर्म पकडले होते यात शंका नाही. किंबहुना तिने वादाचे पारडे फिरविले. जो गृहस्थ आपले धोतर नीळ घालून धुतो त्याने नातीस करड्या वहीत लिहावयास सांगावे, हा वैराग्याचा उपदेश दुसऱ्यास करण्यातलाच प्रकार. संयमाची सुरुवात घरातील सर्वांत लहान माणसापासून करण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे.

आणि करडी वही तरी पूर्ण निर्दोष आहे काय? रद्दीच्या कागदाची शाई काढावयाची तर तिचाही गाळ निघतो, तोही कोठेतरी जातो. आपल्या देशात गव्हाचा पेंढा, उसाचे चिपाड यांपासून कागद करणाऱ्या कित्येक लहान गिरण्यांस ती काळे द्रावण जाळण्याची भट्टी परवडतच नव्हती. त्यांचा माल मोठ्या गिरणीच्या मालाहून कमी पांढरा असे, आणि त्यांचे पाणी अधिक काळे. म्हणजे पानाच्या वर्णावरून नदीच्या स्थितीचा अंदाज करण्याची सोयही राहिली नाही. 'करडे ते निर्मळ' हे प्रमेय 'पांढरे ते स्वच्छ' याइतकेच आळशी आहे.

विचारल्याने मात्र फरक पडतो, याची साक्ष आहे. लगद्यातील उरलेले लिग्निन क्लोरीनऐवजी प्राणवायूने काढण्याची रीत मोठ्या प्रमाणावर १९७० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत प्रथम चालली. त्या धुण्याचे पाणी भट्टीत परत नेता येते. डायॉक्सिनचा बोभाटा झाल्यावर क्लोरीन वायूच्या जागी क्लोरीन डायऑक्साइड आला. नावे सख्ख्या भावांची असली तरी स्वभाव भिन्न; हा लिग्निनला चिकटून बसण्यापेक्षा त्याचे ऑक्सिडीकरण करून तोडतो, म्हणून विषारी शेष फार कमी राहतो. ओझोन व पेरॉक्साइड यांनी क्लोरीनचा स्पर्शही न होऊ देता लगदा पांढरा करिता येतो. १९९१ साली जर्मनीत ग्रीनपीस संस्थेने 'डेर श्पीगेल' या सुप्रसिद्ध साप्ताहिकाची नक्कल क्लोरीनविरहित कागदावर छापून वाटली, हे अशक्य नाही असे दाखविण्यासाठी. आपल्याकडेही २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या सनदेत मोठ्या गिरण्यांच्या पाण्यातील अशा क्लोरीनयुक्त द्रव्यांस टनामागे मर्यादा घातली गेली. शुभ्रता सोडावी लागली नाही; तिचा खर्च पुन्हा कुंपणाच्या आत घ्यावा लागला, आणि त्यासाठी पैसे पडले. जे पैसे आधी पडत नव्हते ते वाचलेले पैसे नव्हते, कोणाकडून तरी न विचारता घेतलेली उधारी होती. गुरुजींच्या खतावणीत निदान ऋणकोचे आणि धनकोचे नाव तरी असे.

आम्हांस स्वतःस विचाराल तर, जे मासिक आम्ही लिहितो आणि आपण वाचता ते थोडे सायीच्या रंगाचे निघाले तर आमची हरकत नाही. दीर्घ वाचनास डोळ्यांना ते सोयीचेच आहे. लग्नपत्रिकेची गोष्ट निराळी. ती एकदा वाचून टाकून द्यावयाची असते, आणि नेमका तिलाच सर्वांत शुभ्र, सर्वांत जाड, सर्वांत झळाळीचा कागद लागतो! हा उलटा न्याय कोणत्या शास्त्रातून आला हे आम्हांस उमगलेले नाही. पन्नास वर्षे टिकवावयाच्या दस्तऐवजास लिग्निन काढलेला, आम्लविरहित कागद अवश्य असावा. दूधवाल्याच्या हिशेबास तो कशाला?

परतूरहून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नात पडवीत अभ्यासास बसली होती. बाहेर वेचणी आटोपून आलेल्या बाया वजनासाठी गाठोडी उतरवीत होत्या. अंगणात कापसाचा ढीग वाढत होता. तिच्यापुढे दोन वह्या होत्या. शुभ्र वही तिने पक्की वही म्हणून ठेविली होती. तीत समास आखलेला, वरच्या बाजूस तारीख, अक्षर मोत्यासारखे. करडी वही कच्ची झाली होती. भूमितीचे एक उदाहरण तिला सुटत नव्हते. करड्या पानावर ती आकृती काढी, खोडी, पुन्हा काढी, मध्येच कोपऱ्यात एखादी बेरीज करी, पान उलटी. गुरुजी मागून आले आणि चष्मा वर करून वाकून पाहू लागले.

"काय गं, मळक्या वहीत?"

"आजोबा, विचार इथेच करायचा असतो. त्या वहीत नुसतं उतरवायचं."

गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. मग धोतराचा सोगा सावरून ते तिच्याशेजारी खाली बसले आणि म्हणाले, "दाखव बघू, लंब कुठून टाकलास?"